टास्क मॅनेजरमधल्या चार ओळी

लिफ्टवाल्यांना विनाकारण चालू असलेली वस्तू बघवत नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असला, टीव्हीच्या खालचा लाल ठिपका जळत असला, की यांचा जीव खालीवर. पस्तीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि आता निवृत्त होऊन घरी बसलेत. बसलेत असं आपण म्हणायचं. प्रत्यक्षात दिवसभर हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर हिंडत असतात, आणि घरातली एखादी वस्तू धड राहिली तर ती केवळ तिच्या नशिबाने.

त्यांची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तीस वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि फळ्यावर शिक्षकांचं समीकरण चुकलं की मागून हळूच खोकली. पन्नाशीला टेकल्यावर तिने मनावर घेतलं, की रसायनशास्त्राची पदवी घ्यायचीच. नोकरी आणि घर सांभाळून चार वर्षं घरी बसून अभ्यास केला. आता शेवटचा एकच पेपर राहिला होता, आज दुपारी चार वाजता, घरच्या लॅपटॉपवर. जुन्या अभ्यासक्रमाची ही अखेरची परीक्षा होती. हा पेपर हुकला की चार वर्षांवर पाणी पडणार. त्यात पंधरा दिवसांपूर्वी स्टुलावरून उतरताना बाईंचा तोल गेला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बरं तर बरं, पेपर नुसते पर्याय निवडण्याचा होता, डाव्या हाताने माउस हलवून भागण्यासारखं होतं.

आता अशा दिवशी नवऱ्याने काय करावं? गप्प बसावं. पण बायकोवर जीव असलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही, हीच तर अडचण आहे. लॅपटॉप हल्ली रेंगाळतो, ऐन पेपरात अडकायला नको, म्हणून ती सकाळी उजळणीला बसलेली असताना लिफ्टवाल्यांनी तो मुकाट्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला आणि टास्क मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरमध्ये या घटकेला कोण कोण जागं आहे त्याची ही यादी. शेजाऱ्याने त्यांना ती मागच्या आठवड्यात दाखवली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या हाताला खाज सुटली होती.

यादीत त्यांना एकाच नावाच्या चार ओळी दिसल्या. पासवर्ड मॅनेजर. लेकीने गेल्या वर्षी आईला बसवून दिलेला प्रोग्राम तो. सगळे पासवर्ड त्याच्या पोटात, आणि आईने लॅपटॉपच्या कडेला नुसतं बोट टेकवलं की तो हवा तो पासवर्ड काढून द्यायचा. पण त्याची खिडकी तर बंद होती. खिडकी बंद, कोणी बोलावलेलं नाही, तरी हे चौघे आत बसलेले. पुढचे आकडे पाहून तर त्यांचं डोकंच फिरलं. काम शून्य टक्के, जागा अडवलीय तीनशे एमबी. असले कर्मचारी त्यांनी कंपनीत आयुष्यभर पाहिले होते, आणि एकालाही हात लावायची सोय नव्हती. इथे होती. चारही ओळींवर त्यांनी ‘एंड टास्क’ दाबलं. वर स्टार्टअपच्या यादीत जाऊन तिथूनही त्याची हकालपट्टी केली, म्हणजे लॅपटॉप चालू केल्यावर महाशय पुन्हा उगवायला नकोत. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. तो खरंच जरा चपळ वाटला, आणि लिफ्टवाल्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला चहा करून घेतला.

सव्वातीनला बाई खुर्चीत बसल्या. परीक्षेचं पान उघडलं, बोट टेकवलं. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवलं. मग त्यांनी डेस्कटॉपवरच्या कुलपाच्या चित्रावर क्लिक केलं, तर एक मोकळी चौकट आली आणि वर लिहिलेलं, मुख्य पासवर्ड टाका. बाई लॅपटॉप कधी बंद करत नसत, नुसता मिटून ठेवत, त्यामुळे वर्षभरात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता, आणि तेवढ्यावरून त्यांना काय ते कळलं.

लेकीला फोन लागला तेव्हा ती ऑफिसात होती. बाबांनी काय केलं ते तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने नीट समजावलं, बापाचं रक्त शेवटी. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नसतं. तो मागे मुद्दाम जागा राहतो, मुख्य पासवर्डाने एकदा उघडलेली तिजोरी स्वतःच्या आठवणीत धरून. बोट म्हणजे दारावरची बेल. आत कोणी असेल तरच दार उघडणार. तुम्ही आतल्यालाच घालवून दिलंत, आता बेल कितीही वाजवा. पुन्हा चालू केलात तरी तो पहिल्या दिवसासारखा मुख्य पासवर्ड मागणार.

लिफ्टवाल्यांना हे वेगळं सांगायला नको होतं. लिफ्ट मजल्यावर नुसती उभी असते तेव्हाही वरच्या मशीनच्या खोलीतलं पॅनेल चालूच असतं, ते बंद केलं की आपण कुठल्या मजल्यावर आहोत हेच लिफ्ट विसरते, मग तिला तळाशी नेऊन पहिल्यापासून मोजायला लावावं लागतं. वीज वाचवायला पॅनेलचा खटका पाडणाऱ्या किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना त्यांनी उभं आडवं घेतलं होतं. आता कोणी त्यांना घ्यायला हवं होतं, पण बायको परीक्षेच्या पानावरचे नियम वाचत बसली होती. ते त्यांना जास्त लागलं.

परीक्षेचा पासवर्ड बदलून मिळेल का? नाही, परीक्षेच्या दिवशी बदल होत नाही, असं पानावर ठळक अक्षरात होतं. प्रोग्राम बनवणारी कंपनी मुख्य पासवर्ड सांगेल का? तिलाही तो ठाऊक नसतो, लेक म्हणाली. तो फक्त आईला ठाऊक, तिने तो मलासुद्धा सांगितला नाही. लांबलचक वाक्य टाक, कोणाला सात जन्मांत सुचणार नाही असं, एवढंच मी सांगितलं होतं.

“आठवतंय ना तुला?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

बाईंना आठवत होतं. आठवत नसतं तर चेहरा पांढरा पडला असता, इथे कान लाल झाले होते. तुम्ही बाहेर जा, मी टाकते, एवढंच त्या म्हणाल्या.

लिफ्टवाले दाराबाहेर उभे राहिले. आतून डाव्या हाताच्या एका बोटाने टकटक ऐकू येत होतं, मग थांबणं, मग सुस्कारा. पन्नासएक अक्षरं, चौकटीत नुसते ठिपके दिसणार, एक अक्षर निसटलं की सगळं मुसळ केरात. दोनदा चुकलं. तीन चाळीस झाले. चारला पाच कमी असताना परीक्षेचं दार बंद होणार होतं. तिसऱ्या सुस्काऱ्याला लिफ्टवाले आत शिरले, खुर्ची ओढली आणि कीबोर्ड स्वतःकडे घेतला.

बाईंनी एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरं, मधे जागा न सोडता, तीही मुद्दाम अशी तोडून तोडून की ऐकणाऱ्याला त्यातून काही लागू नये. अक्षरं दिसावीत म्हणून चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबू का, असं यांनी विचारलं, तर तिने डाव्या हाताने यांचं मनगटच धरलं. डोळा दाबायचा नाही. बरं बाई, नाही दाबत. पण विसाव्या अक्षराला यांचा गोंधळ झाला, तिचाही झाला, आणि चौकट पुन्हा रिकामी झाली. पावणेचार.

“हे बघ,” लिफ्टवाले म्हणाले, “सगळा घोळ माझा आहे, मला मान्य आहे. पण अक्षरं माझ्या डोक्यात राहत नाहीत. वाक्य सांग. काय वाटेल ते असू दे, मला शिव्या असल्या तरी चालतील.”

त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. कोणाला सुचणार नाही असं वाक्य म्हणजे आपल्याबद्दलची कुरकुरच असणार. आपल्यासारख्या माणसाबरोबर बत्तीस वर्षं काढायची म्हणजे काही ना काही साठणारच, आणि ते कुठे तरी ठेवावं लागणार.

बाई लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघता, प्रयोगशाळेतल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशा सपाट आवाजात त्यांनी सांगितलं.

“जिन्यावर यांची पावलं वाजली की मला अजून बरं वाटतं.”

लिफ्टवाल्यांची बोटं कीबोर्डवर होती तशीच राहिली. या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि दोघांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. इमारतीला लिफ्ट नाही, चार मजले. कामावरून येताना ते पायऱ्या मोजत आणि बिल्डरला शिव्या देत वर यायचे. वर कोणी कान देऊन ऐकत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“टाका की,” बाई म्हणाल्या. “चार वाजतील.”

त्यांनी टाकलं, इंग्रजी स्पेलिंगला अडलं तिथे बाई अक्षर सांगत गेल्या. डोळे भरल्यामुळे कीबोर्ड नीट दिसत नव्हता, तरी एकही अक्षर चुकलं नाही. तिजोरी उघडली, परीक्षेचा पासवर्ड आपल्या जागी जाऊन बसला, आणि कॅमेऱ्यापुढे ओळखपत्र धरून बाई आत गेल्या तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती. त्याआधी घाईघाईत यांनी स्टार्टअपच्या यादीतली हकालपट्टीही रद्द केली. पर्यवेक्षकाने पडद्यावरून सांगितलं की परीक्षार्थीखेरीज खोलीत कोणी नको, तेव्हा ते उठले, दार ओढून घेतलं आणि सरळ खाली रस्त्यावर गेले.

पेपर दोन तासांचा होता. लिफ्टवाल्यांनी कोपऱ्यापर्यंत तीन चकरा मारल्या. काही खरेदी करायची नव्हती, तरी एका दुकानातून पेनं घेतली, कारण हात रिकामे राहवत नव्हते. काय म्हणावं आपल्याला, बत्तीस वर्षांत एकदाही नाही विचारलं, असं त्यांनी स्वतःला दोनतीनदा मोठ्याने विचारलं, आणि समोरून येणारी एक बाई दचकून बाजूला झाली. पाचच्या सुमाराला ते इमारतीत परतले. वर पेपर चालू आहे, आवाज नको, म्हणून पहिल्या पायरीवर त्यांनी बूट काढून हातात घेतले.

मग तिथेच थांबले. वर ती एकटी बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये, पुढ्यात चार वर्षांची मेहनत, आणि अजून एक तास जायचा होता.

लिफ्टवाल्यांनी खाली बसून बूट पुन्हा पायात चढवले, नाड्या घट्ट बांधल्या, आणि एकेक पायरी नीट वाजवत ते चार मजले वर गेले.