फलकावरचं वाक्य

सत्काराचं आमंत्रण आलं तेव्हा ताईला आनंद व्हायला हवा होता. पण मनात पहिला विचार आला तो असा की, त्या दिवशी दुपारी जरा आडवं होता आलं असतं.

ज्या कॉलेजात तिने समाजशास्त्राची पदवी घेतली, त्याच कॉलेजाने सामाजिक शास्त्रं शिकून लोकांच्या कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव करायचं ठरवलं होतं. ताईच्या वहिनीने आमंत्रण फ्रिजवर चिकटवलं. बिचारीला इतकी वर्षं, आपली नणंद नक्की करते काय, हे नातेवाइकांना सांगताना घाम फुटायचा. 'कारखानदारांशी भांडते' म्हटलं की लोक विचारायचे, वकील आहे का? नाही म्हटलं की ते हळूच विषय बदलायचे. आता निदान कपाटात ठेवायला एक मानचिन्ह तरी येणार होतं.

भांडण मात्र खरं होतं आणि ते ताईने जिंकलंही होतं. शहरातल्या एका शिवणकारखान्याला आग लागली. कापड चोरीला जाऊ नये म्हणून मालक काम चालू असताना दाराला बाहेरून कुलूप घालायचा. आतल्या मुली आतच राहिल्या. त्यानंतर ताईने मोर्चे काढले, सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, साहेबलोकांच्या दारात तासन्‌तास बाकांवर बसून पाठीचं दुखणं मागे लावून घेतलं. आणि शेवटी नियम झाला. माणसं आत असताना कुठल्याही कारखान्याचं दार बाहेरून बंद करायचं नाही. एवढीशी गोष्ट! घरात मांजर कोंडलं गेलं तरी शेजारीपाजारी ओरडतात, पण माणसांसाठी हे कागदावर आणायला ताईची उमेदीची वर्षं खर्ची पडली.

आणि हा सगळा लढा उभा होता एका वाक्यावर. ते वाक्य मावशींचं.

मावशी एका शाळेत आया होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी त्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिने शेवटचा फोन आईला केला आणि म्हणाली, "आई, दार बाहेरून बंद आहे." मावशींनी हे वाक्य चौकशी समितीसमोर सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, मोर्चात माईकवर सांगितलं. मग ते फलकांवर चढलं, भिंतींवर रंगवलं गेलं. आज कॉलेजच्या सभागृहातही ते स्टेजमागे ठळक अक्षरांत लावलेलं होतं, त्याच्या खाली ताईचा फोटो. फोटोत ताई हसत होती. वरचं वाक्य आणि खालचं हसू, हे एकमेकांशेजारी कसं दिसतं याचा विचार कुणी केला नव्हता.

कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून ताई आणि मावशींना भूगोल विभागाच्या खोलीत बसवलं होतं. कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे उभे होते. टेबलावरच्या पृथ्वीगोलाचा आस निखळला होता, त्यामुळे पृथ्वी एका कुशीवर पडून होती. ताईला त्या पृथ्वीचा हेवा वाटला.

तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे ताईचाच वर्गमित्र, राज्यशास्त्रवाला. जाड भिंगांमुळे कॉलेजात त्याला सगळे ढापण्या म्हणायचे. आता तो कामगार खात्यात मोठ्या खुर्चीवर होता आणि आज त्याचाही सत्कार होता. केस गेले होते, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आरशात पाहिल्यासारखं दोघांनाही वाईट वाटलं.

साहेबांनी मावशींना नमस्कार केला, मग ताईला दाराशी बोलावून घेतलं. नियम झाला खरा, पण तो पाळला जातो की नाही हे बघायला माणसं नव्हती. सगळ्या शहराला मोजकेच निरीक्षक, त्यातले निम्मे निवृत्तीला टेकलेले. नव्या निरीक्षकांची फाईल साहेबांनी वर पाठवून कितीतरी काळ लोटला होता, आणि ती मंत्र्यांच्या टेबलावर निवांत पडली होती. आज मंत्री पहिल्या रांगेत बसणार होते.

"मावशी बोलल्या, समोर कॅमेरे असले, की मंत्र्यांना नाही म्हणता येणार नाही," साहेब म्हणाले. "मला दुसरा रस्ता उरलेला नाही गं. मी सगळं करून बसलोय."

ताईने मान डोलावली. गेल्याच महिन्यात ती एका कारखान्यासमोरून गेली होती आणि भर दुपारी दाराला लटकलेलं कुलूप तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आत शिवणयंत्रांचा आवाज चालू होता. तिने आरडाओरडा करून ते उघडायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लागलं असणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

साहेब गेले. ताई मावशींजवळ येऊन बसली आणि नेहमीच्या सवयीने सांगू लागली, की घाई करू नका, पाणी पिऊन घ्या, आधी दिवस सांगा, मग फोन, मग ते वाक्य, आणि वाक्यानंतर थोडं थांबा. हे सगळं तिनेच मावशींना शिकवलं होतं. लोकांसमोर दुःख मांडायचं तर त्याला आकार द्यावा लागतो, नाहीतर समोरचा घड्याळ बघायला लागतो, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आज नाही म्हटलं तर चालेल का?"

बरं वाटत नाही का, असं ताईने विचारलं. तसं काही नाही म्हणाल्या. हातातला रुमाल त्यांनी घडी केला, उलगडला, परत घडी केला.

"ते वाक्य ती म्हणालीच नव्हती, ताई."

खोलीत पंखा होता आणि तो आवाज करत होता. ताईला तो आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला.

"तुम्ही पहिल्यांदा घरी आलात ना, तेव्हा तुम्ही विचारलंत. दार बाहेरून बंद आहे, असं म्हणाली का ती? मी मान हलवली. तुम्ही एवढ्या लांबून आला होतात. मला वाटलं, असंच म्हणायचं असतं."

ताईला ती संध्याकाळ लख्ख आठवली. त्या दिवशी ती सकाळपासून घरोघर फिरत होती, प्रत्येक घरात रडारड, आणि पायांत गोळे आलेले. पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवलेली गोष्ट, की माणसाला विचारताना उत्तर प्रश्नात घालून द्यायचं नाही. ती स्वतः आता नव्या मुलामुलींना हेच घोटून घोटून शिकवायची. आणि तिथेच तिचा पाय घसरला होता. दार बंद होतं हे खरंच होतं. जळालेल्या कुलपासकट चौकशीत सिद्ध झालं होतं. पण वाक्य तिचं होतं. ताईचं. ते तिने एका दमलेल्या बाईच्या तोंडात ठेवलं होतं आणि मग जगभर मिरवलं होतं.

तिला शरमेने कानकोंडं झालं. माफी मागावी तर कुठल्या तोंडाने, आणि माफी मागून मावशींवर 'असू दे' म्हणायची जबाबदारी तरी का टाकायची?

"फोन आला होता," मावशी म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत. आगीच्या आधी. त्या दिवशी मी घाईत तिची चप्पल घालून शाळेत गेले होते. नेहमीचंच माझं. तिला माझी घालून जावं लागलं. तर फोन करून म्हणाली, आई, तू परत माझी चप्पल घालून गेलीस. तुझी मला मोठी होते."

मग खाली आपल्या पायांकडे बघत म्हणाल्या, "मोठ्या चपलेत पळता आलं नसेल का हो?"

इथे मात्र ताईला काय बोलायचं ते ठाऊक होतं. तिने चौकशीचं पान न् पान वाचलेलं होतं. "दार बंद होतं, मावशी," ती म्हणाली. "पळायला जागाच नव्हती. कुणाच्या पायात काहीही असतं तरी उपयोग नव्हता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही."

मावशींनी ते ऐकलं आणि आत कुठेतरी ठेवून दिलं. मग म्हणाल्या, की खरं दुखणं वेगळंच आहे. ते फलकावरचं वाक्य इतक्यांदा म्हणून झालं की आता मुलीचा आवाज तेच बोलतो. चपलेचं वाक्य आठवतं, पण ऐकू येत नाही. "ती चिडून म्हणाली की हसून, तेच जातंय माझं. रोज थोडं थोडं जातंय."

'हसूनच म्हणाली असेल,' हे ताईच्या अगदी ओठांवर आलं. किती सोपं होतं. मावशींनी लगेच मान हलवली असती, त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला असता, आणि पुन्हा एकदा ताईचं वाक्य त्यांच्या मुलीच्या तोंडात गेलं असतं. ताईने ओठ घट्ट मिटले. एवढं साधं गप्प बसणं तिला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

शाळेच्या पाणपोईपाशी, मावशी म्हणाल्या. मुलांच्या बाटल्या भरत होते. एक बाटली ओसंडून वाहिली, पदर भिजला. ताई पुढे काहीच बोलली नाही. बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं. मावशींची नजर त्या आडव्या पडलेल्या पृथ्वीवर होती, पण बघत त्या भलतंच काही होत्या.

"मागे तिच्या मैत्रिणी होत्या," त्या हळूहळू म्हणाल्या. "कुणीतरी तिला चिडवत होतं, बघा म्हातारीची चप्पल. आणि ती... ती हसत होती हो. बोलता बोलता हसू आवरेना तिला. शेवटचं 'मोठी होते' मला नीट ऐकूच आलं नाही, इतकी हसत होती."

आणि मावशी स्वतःच हसल्या. इतक्या वर्षांत ताईने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांचे डोळे भरून आले. ताईने सवयीने पिशवीतलं पेन काढलं होतं. ते तिने परत ठेवून दिलं. हे टिपून घ्यायचं नव्हतं.

दारावर टकटक झाली. दहा मिनिटांत सुरू करतोय, असं विभागातली कुणीतरी सांगून गेली. ताई उठली. म्हणाली, की तुम्ही इथेच बसा, मी साहेबांना सांगते मावशी बोलणार नाहीत म्हणून. फाईलचं काय व्हायचं ते होऊ दे.

"आणि कुलपं?" मावशींनी विचारलं. "अजून लावतात ना?"

ताईला खोटं बोलवेना. लावतात, म्हणाली.

मावशींनी रुमालाने तोंड पुसलं, केस सारखे केले. ताई म्हणाली, बोलायचंच असेल तर नुसतं खरं सांगा, दार बंद होतं एवढंच. मावशींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्या शाळेत एखाद्या हट्टी पोराकडे बघत असतील.

"चौकशीत तेच लिहिलंय ना? मग कोण हललं त्याने? हे वाक्य तुमचं आहे, ते मी तुमच्यासाठी म्हणते. त्या पोरींसाठी म्हणते. माझं, ते चपलेचं, मात्र तुम्ही सांभाळा. तिथे वर उभी राहिले की ते माझ्याकडून जाईल."

मग सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कुणीतरी ताईची कामगिरी वाचून दाखवली. ऐकताना ती दुसऱ्याच कुणा तडफदार बाईची असावी असं ताईला वाटलं. साहेबांनी आपल्या भाषणात सगळं श्रेय सहकाऱ्यांना दिलं. काचेची मानचिन्हं दिली गेली, ती हातात धरायला निसरडी होती. शेवटी मावशी माईकपाशी गेल्या. दिवस सांगितला, फोनचं सांगितलं, आणि मग ते वाक्य म्हणाल्या, जसं ताईने शिकवलं होतं अगदी तसं, आणि थोडं थांबल्या. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ताई खुर्चीत मान खाली घालून बसली होती. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, पण ते कुणाकडून काय हिरावून घेतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

मंत्र्यांनी डोळे टिपले. उठताना साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सोमवारी ती फाईल घेऊन या. कुठल्या सोमवारी, हे विचारायचं साहेबांना धाडस झालं नाही, पण त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. ताईला त्यांनी हळूच म्हटलं, झालं बहुतेक. मग त्यांनी आपली सरकारी गाडी दोघींना घरी सोडायला दिली.

गाडीत मावशी खिडकीशी बसल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मानचिन्ह ताईच्या पायांशी पडलं होतं आणि प्रत्येक वळणावर इकडून तिकडे घरंगळत होतं; ते उचलायचंही तिच्या अंगात त्राण नव्हतं. सिग्नल लागला, सुटला. दुकानं मागे पडत गेली.

"ताई," मावशी म्हणाल्या, "काय म्हणाली होती ती?"

ताईने त्यांचा हात हातात घेतला. एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता म्हणाली, "आई, तू परत माझी चप्पल घालून गेलीस. तुझी मला मोठी होते."

मावशींनी डोळे मिटून ऐकलं.

"कशी म्हणाली?"

"हसत," ताई म्हणाली. "हसू आवरत नव्हतं तिला."