पोस्टमास्तरांचं खातं

पडद्यावरच्या स्टार्टवर बोट पडलं की हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची, तिथे घुटमळायची आणि लाल व्हायची. सर्व्हरच्या गार, घोंघावणाऱ्या खोलीत सकाळपासून हेच चाललं होतं. नव्या साहेबांनी आणखी एकदा करून दाखवलं आणि खुर्ची सोडली.

"बघा तुम्हीच," ते म्हणाले. बसा मात्र म्हणाले नाहीत.

पोस्टमास्तर आपणहून बसले. हे त्यांचं टोपणनाव. या इस्पितळाच्या ईमेलचा कारभार तेवीस वर्षं त्यांनी एकहाती सांभाळला, म्हणून सर्जनपासून आयांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. नवे साहेब विभागात आले, कारभार बाहेरच्या कंपनीकडे जाणार असं ठरलं आणि पंधरा दिवसांपूर्वी पोस्टमास्तरांना घरी बसवलं गेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या दिवशी ते घरी पोचायच्या आतच त्यांच्या मोबाइलवरचं ऑफिसचं मेल बंद पडलेलं होतं.

आज फोन आला तोही साहेबांचा नव्हे, लॅबमधल्या ताईंचा. कालच्या रविवारी बॅटऱ्या बदलायला सर्व्हर बंद केला, तेव्हापासून मेल उठतच नाही, असं त्यांनी सांगितलं. नऊ रिपोर्ट अडकले होते. त्यातल्या एका बाईंना दुसऱ्या गावच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं आणि तिथले डॉक्टर लेखी रिपोर्टशिवाय हात लावायला तयार नव्हते. पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, हाकलून दिलं तिथे पुन्हा कशाला तोंड दाखवायला जाता. ते बूट घालून निघाले.

आता त्यांनी आधी डिस्क पाहिली. जागा भरपूर होती. सुरक्षेच्या सर्टिफिकेटची मुदत पाहिली, ती संपायला चार महिने होते. मग त्यांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि सकाळपासूनच्या सगळ्या लाल ओळी सावकाश वाचल्या. प्रत्येक ओळीत एकच तक्रार होती: ज्या नावाने मेलची ही सर्व्हिस सुरू व्हायची, ते नावच सापडत नाही.

ते नाव त्यांचं होतं.

चष्मा काढून त्यांनी पुसला. तो स्वच्छच होता. सुरुवातीच्या घाईच्या दिवसांत त्यांनी सर्व्हिस स्वतःच्या लॉगिनच्या खात्यावर चढवली होती. पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनी ते खातं पुसलं, तरी चालू असलेलं काम चालत राहिलं. रविवारी बंद करून पुन्हा उठवायची वेळ आली तेव्हा सर्व्हरने त्या नावाची ओळख मागितली आणि त्या नावाचा माणूस आता नव्हता.

हे सगळं त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं.

"म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली खिशात घालून गेलात म्हणा की," साहेब म्हणाले.

पोस्टमास्तरांचे कान तापले. अकरा वर्षांपूर्वीच वेगळं खातं करायची परवानगी आपण लेखी मागितली होती, आणि तेव्हाच्या साहेबांनी 'चाललंय ना, मग हात लावू नका' असं उत्तर दिलं होतं, हे त्यांनी सांगितलं. तो मेल माझ्या जुन्या मेलमध्ये आहे, असं म्हणता म्हणता ते थांबले. खात्याबरोबर मेलही पुसले गेले होते. बॅकअपमधून काढता येईल, दोन तास लागतील, असं ते म्हणाले. पण उकरत बसायला वेळ नाही, असं साहेबांनी सांगून टाकलं.

पोस्टमास्तरांनी नवं खातं तयार केलं, त्याला लागतील तेवढेच अधिकार दिले, सर्व्हिस त्यावर चढवली आणि स्टार्ट दाबलं. पट्टी अर्ध्यापाशी घुटमळली, मग टोकापर्यंत हिरवी होत गेली. तुंबलेले मेल भराभर सुटू लागले.

थोड्या वेळाने लॅबमधल्या ताई दारात आल्या. "नऊच्या नऊ गेले. त्या बाईंना आत घेतलंय." साहेबांकडे पाहून त्या परत गेल्या.

साहेबांनी छापलेला कागद पुढे सरकवला. त्यावर होतं: माजी कर्मचाऱ्याने यंत्रणा स्वतःच्या वैयक्तिक खात्याशी जोडून ठेवल्यामुळे सेवा खंडित झाली. खाली सहीला जागा होती. पोस्टमास्तरांनी तो दोनदा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं.

"खातं न विचारता पुसलं, एवढी एक ओळ घाला," ते म्हणाले.

"तुमच्या सेवेचे, ग्रॅच्युइटीचे कागद माझ्याच टेबलावर आहेत अजून," साहेब शांतपणे म्हणाले. "त्यावर सही व्हायचीय माझी."

पोस्टमास्तरांनी सही केली. नेहमीसारखीच, पूर्ण नावाची.

मग त्यांनी एक कोरा कागद मागून घेतला आणि नव्या खात्याचा पासवर्ड त्यावर लिहायला घेतला. एकेक अक्षर सुटं, ठळक. त्यात दोन शून्यं होती. वाचणाऱ्याने ती इंग्रजी ओ समजू नयेत म्हणून दोन्हींच्या पोटात त्यांनी तिरकी रेघ मारली, शाई वाळू दिली आणि कागद साहेबांच्या बाजूला वळवून ठेवला.