न पडणारा ससा

मी ससा बोलतोय. लाकडी. कानांसकट मोजलं तर तळहाताएवढा. अंग काळंकुळं, एक डोळा पांढरा, गळ्यात गंजलेल्या तारेची माळ. घाबरू नका. दिसतो तसा मी नाही. थोडा चिडका आहे, पण तो जन्मापासूनच. त्याचा या रंगाशी काही संबंध नाही.

जन्म माझा चुकीतून झाला. या घरातले बाबा खुर्च्या बनवतात. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली आहे, तिला ते कारखाना म्हणतात. एकदा त्यांनी एका खुर्चीचा चौथा पाय बोटभर आखूड कापला. आता आखूड पायाचं काय करणार? बाबांनी तो कोपऱ्यात भिरकावला आणि दिवसभर त्याच्याकडे रागाने बघत राहिले. माझा चिडका स्वभाव तिथूनच आला असणार.

त्या वेळी त्यांची मुलगी नुकतीच चालायला लागली होती. खुर्च्यांखाली सांडलेले कण वेचत फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मुंगीची एक खोड होती. बाहुली आडवी झाली, चेंडू घरंगळला, भांडं कलंडलं, की "मेला! मेला!" म्हणून घर डोक्यावर घ्यायची. आई वैतागली. "असं काहीतरी करा हो," ती बाबांना म्हणाली, "जे पडणारच नाही."

मग बाबांनी तो आखूड पाय उचलला आणि त्यातून मला कोरलं. बूड रुंद ठेवलं, खालून भोक पाडून आत लोखंडाचा जाड नट ठोकला आणि वरून लाकडाची बुची बसवून घासून टाकली. मुंगीने मला बोटाने ढकललं. मी डुललो, परत उभा राहिलो. तिने जोरात ढकललं. मी जोरात डुललो, परत उभा. ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

नंतर अस्वल आलं, कोल्हीण आली, मुकुटवाला राजा आला. लहान मुलांच्या गोष्टीत असते ती सगळी नेहमीची मंडळी. चांगली आहेत तीही. पण नट फक्त माझ्या बुडात आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. फारसं नाही.

आमचं काम असायचं दुपारच्या जेवणाला. मुंगीला जेवायचा महाकंटाळा. एकेका घासाला तिला गोष्ट लागायची. बाबा मला तिच्या ताटाभोवती चालवायचे. पहिल्या घासाला मी मध चोरायचो, दुसऱ्याला अस्वल मागे लागायचं, मग कोल्हीण फसवायची, राजा कोठडीत टाकायचा. माझे काय काय हाल केलेत त्या माणसाने, सांगता सोय नाही! पण एक नियम ठरलेला होता. टेबलाच्या कडेला मिठाची पांढरी बरणी असे, ते माझं घर. मुंगीने शेवटचा घास खाल्ला की बाबा मला बरणीमागे नेऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "आणि ससा घरी आला." घास ताटात असेपर्यंत मात्र घरी जायची परवानगी नाही. कितीदा मी मनात ओरडलोय, अगं खा ना बाई, पाय दुखले माझे!

मुलं मोठी होतात आणि खेळणी डब्यात जातात. आम्ही चौघे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो आणि डबा कपाटावर. तिथल्या वर्षांबद्दल मी जास्त बोलणार नाही. अस्वलाचं पोट माझ्या तोंडावर होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

मग एके दिवशी झाकण उघडलं. मुंगीच होती. चष्मा लागला होता, बोटांना शाई होती. ती आता एका छापखान्यात कामाला जाते आणि उरलेल्या वेळात खेळ रचते. सोंगट्या सरकवायचे साधे खेळ नव्हेत बरं का. या खेळात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, त्याच्या तोंडून बोलायचं. एकाने गोष्ट सांगायची आणि पुढे काय घडेल ते फाशांनी ठरवायचं. मुंगीच्या गोष्टीत होतं एक काळं रान, आणि त्या रानात लहानपणीच्या गोष्टींतली मंडळी. फक्त बिघडलेली.

म्हणजे आम्ही.

अस्वलाच्या छातीला तिने भोकं पाडली, त्यात म्हणे मधमाश्या राहतात आणि ते बोललं की त्या बाहेर येतात. कोल्हीण वैदीण झाली. जखम बरी करते, पण बदल्यात तुमची एक आठवण घेऊन जाते. राजाचे डोळे मिटवले. तो झोपेत जे बघतो ते रानात खरं होतं. आणि मी? मला काळा पोस्टर रंग फासला, एक डोळा पांढरा केला, तार गुंडाळली. रानाचा राखणदार, सगळ्यांत भयंकर, शेवटी ज्याला मारायचं तो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. पण नंतर आरशासमोर ठेवलं ना तिने, तेव्हा खोटं कशाला बोलू, जरा ऐट वाटली.

बाबांना नाही वाटली. ते चहाला आत आले, आम्हाला टेबलावर वाळत ठेवलेलं पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"हे काय केलंस?"

"खेळासाठी रंगवलेत, बाबा."

"खेळणीच होती ती," बाबा म्हणाले आणि चहा न घेता कारखान्यात निघून गेले.

त्यानंतर रविवारी दुपारी मुंगीची मित्रमंडळी जमली की बाबा घरात फिरकत नसत. चहा मागे मागवून घेत. मुंगी मोठ्याने हसायची, पण तिचं अर्धं लक्ष मागच्या दाराकडे असायचं. मला दिसायचं ना! मी दाराकडे तोंड करूनच उभा असायचो.

खेळायला दोघं येत, बेकरीवाला आणि नर्सबाई. जुन्या चादरीवर कोळशाने रान काढलेलं होतं. लढाईचा एक नियम मुंगीने स्वतः शोधला होता आणि त्याचा तिला फार अभिमान. सगळी पात्रं चादरीवर उभी करायची, सगळ्यांनी एकदम टेबलावर मूठ आपटायची. जो आडवा पडला तो मेला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या नाही आलं.

एका रविवारी खेळ पहिल्यांदाच माझ्यापर्यंत पोचला आणि मूठ आपटली. अस्वल पडलं, कोल्हीण पडली, राजा तर आधीपासून झोपेतच. मी डुललो आणि उभा राहिलो. पुन्हा आपटली. पुन्हा उभा. बेकरीवाल्याचा हात कणीक मळून मळून दांडगा झालेला. त्याने असा गुद्दा हाणला की चहा उडून नर्सबाईंच्या मांडीवर सांडला. मी आपला उभाच.

"हा मरत नाही गं," नर्सबाई साडी पुसत म्हणाल्या. "याचं काय करायचं?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मुंगी मात्र हसली नाही. पुढच्या रविवारी खेळांच्या दुकानाच्या मालकीणबाई येणार होत्या. त्यांनी कबूल केलं होतं, एकदा खेळून बघते, जमला तर दुकानात ठेवते. पण त्यांची एक अट सगळ्यांना ठाऊक होती. खेळ शेवटाला गेला पाहिजे. अर्धवट लटकणारा खेळ त्या हातात धरत नसत. आणि मुंगीचा खेळ माझ्यापाशी येऊन लटकला होता. इतकी वर्षं छापखान्यातून दमून आल्यावर तिने हे रान उभं केलं होतं. आता एका न पडणाऱ्या सशामुळे सगळं पाण्यात जाणार होतं.

तिने मला उलटा करून बघितलं. बुचीवर रंग बसला होता, काही दिसलं नाही. शेवटी मला मुठीत धरून ती मागच्या दाराने कारखान्यात गेली.

"बाबा, याचं बूड जरा तिरकं तासून द्याल?"

बाबा एका खुर्चीच्या पाठीला पॉलिशपेपर मारत होते. मान वर न करता म्हणाले, "कशाला?"

"पडत नाही हा."

आता मात्र त्यांनी वर बघितलं. "पडेल कसा? पडू नये म्हणूनच तर केलाय. आत नट आहे त्याच्या. लहानपणी काही पडलं की मेला मेला म्हणून गळा काढायचीस तू."

मुंगी मटकन स्टुलावर बसली. "पडला की मेला," ती हळूच म्हणाली. "अहो बाबा, हा माझ्या खेळाचा नियम आहे. मला वाटलं, मीच शोधून काढला."

बाबांनी मला हातात घेतलं. किती वर्षांनी! तोच खरखरीत अंगठा. त्यांनी तो माझ्या पाठीवरून फिरवला आणि अंगठ्याला काळं लागलं.

"रागावलात ना माझ्यावर?" मुंगीने विचारलं.

"रागावलो होतो. रंगवायचा तर रंगवायचा, पण मला विचारायचंस की. काळं पॉलिश दिलं असतं. हा कसला रंग, बोटाला येतो!"

मुंगीला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. बाबांनी मला दोन फळ्यांत उलटं आवळलं आणि रंधा घेतला. माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच विचार करा. बूड वर, कान खाली आणि रंध्याचं पातं बुडाशी.

"तासतो," बाबा म्हणाले. "पण आधी सांग, यानं एवढं केलंय तरी काय?"

मुंगीने माझी गोष्ट सांगितली. रानात दुष्काळ पडला तेव्हा या सशाने सगळ्यांना जगवण्यासाठी स्वतःची सावली विकली. सावलीबरोबर घरची वाटही गेली. तेव्हापासून तो रानात भटकतो. जो समोर येईल त्याला, तूच माझी वाट लपवलीस, असं म्हणून मारतो.

बाबा रंधा धरून तसेच उभे राहिले. "म्हणजे घर विसरलाय तो."

"हो."

"मग मारता कशाला बिचाऱ्याला?"

 मुंगी बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने स्वतःच फळ्या सैल केल्या, मला काढलं आणि घराकडे पळाली. बाबा मागून ओरडले, "अगं, पॉलिश तरी मारून घे!"

पॉलिश मारलं गेलं. दोन हात. मी आता बोटाला येत नाही.

रविवार उजाडला. मालकीणबाई आल्या. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. आईने त्या दिवशी बाबांना बजावलं होतं, "चहा हवा असेल तर आत येऊन प्या. मागे आणून मिळणार नाही." बाबा आले, टेबलाच्या टोकाला अंग चोरून बसले.

"बाबा, तुम्हीही खेळा," मुंगी म्हणाली.

"मला नाही जमायचं. आणि बाहुलीही उरली नाही."

आईने शिवणाच्या डब्यातून कोटाचं एक मोठं बटण काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे घ्या. हे तुम्ही."

खेळ रंगला. मालकीणबाईंनी कोल्हीण घेतली होती. नर्सबाईंना बरं करून त्यांनी आठवण मागितली, तेव्हा नर्सबाईंनी आपल्या पहिल्या पगाराची आठवण दिली आणि मग उगाचच हळव्या झाल्या. बेकरीवाला अस्वल होऊन इतका गुणगुणला की घसा बसला. नर्सबाईंच्या राजाने झोपेत काय काय पाहिलं ते विचारू नका. होता होता सगळे माझ्यापुढे येऊन ठेपले.

मुठी आपटल्या. अस्वल पडलं. राजा पडला. कोल्हीण पडली. मी डुललो आणि उभा राहिलो.

"हा मरत नाही?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांनी स्वतः आणखी एकदा मूठ आपटली. मी उभाच. बाईंनी चष्मा वर केला. "मग खेळ संपला कसा म्हणायचा?"

मुंगीने बटणाकडे बोट दाखवलं. "अजून एक जण जिवंत आहे," ती म्हणाली. "बाबा, तुमची पाळी."

सगळ्यांनी बटणाकडे बघितलं. चपटं बटण, ते पडणार कुठे! बाबा गोंधळले. त्यांनी चादरीवर नजर फिरवली आणि तेव्हा त्यांना दिसलं. रानाच्या पलीकडच्या कडेला, जिथे मुंगीने आधी कोळशाने एक बुरूज काढला होता, तिथे मिठाची पांढरी बरणी ठेवलेली होती. सुरुवातीपासून होती. कोणी लक्षच दिलं नव्हतं.

 बाबांनी मला दोन बोटांत धरलं. पडलेल्या अस्वलाला वळसा घालून, केकच्या चुऱ्यावरून, चहाच्या कपामागून, तसंच एक एक पाऊल टाकत मला चालवलं. बरणीमागे नेऊन त्यांनी मला अलगद ठेवलं.

"आणि," ते म्हणाले. त्यांनी खाकरून घेतलं. "आणि ससा घरी आला."

मुंगीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आईने पदर डोळ्यांना लावला. बेकरीवाला छताकडे बघत बसला. मालकीणबाईंनी बरणी हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "पेटीत बरणी घालावी लागेल. आणि न पडणारा ससा प्रत्येक पेटीत हवा. कोण करून देईल?"

आता कारखान्यात खुर्च्यांच्या शेजारी ससे वाळत असतात. थोड्याच पेट्या जातात, पण जातात. नट प्रत्येकाच्या बुडात आहे. तरी चुकलेल्या खुर्चीचा पाय फक्त मी, हे मी त्या पोरांना सांगून ठेवलंय. त्यातला एखादा तुमच्या घरी आला तर एवढंच करा, मुठी हव्या तेवढ्या आपटा, पण टेबलावरची बरणी एकदा बघून घ्या.

मी इथेच असतो. रविवारी दुपारी मुंगी जेवायला बसली की बाबा मला अजून तिच्या ताटाभोवती चालवतात. त्यांचा हात आता हळू झालाय, गोष्टी लांबतात, मधेच ते विसरतात. मुंगीचं जेवण केव्हाच झालेलं असतं. शेवटचा घास मात्र ती ताटात तसाच ठेवते आणि विचारते, "मग काय झालं, बाबा?"

बरणी समोर दिसते आहे. पाय दुखतात, पण मी काही बोलत नाही. चालू दे.