पोकळ हात

"आज कसा मरतोयस?" त्याची मान खुर्चीवर मागे टेकवत मी विचारलं.

"जिन्यावरून," तो डोळे मिटून म्हणाला. "आधी थोबाडीत, मग लाथ, मग जिना. गेल्या खेपेला नदी होती. पाणी फार गार होतं, दादा. त्यापेक्षा जिना बरा."

मी मेकअपवाला. त्याला सेटवर सगळे नाजूक म्हणत. सत्तावीस चित्रपटांत त्याने एकच पात्र केलं होतं. त्या पात्राला नाव नसे, लेखकाच्या कागदावर नुसतं 'तसला' लिहिलेलं असे. तसल्याने रुमाल उडवत यायचं, मनगट लुळं सोडायचं, हिरोकडे बघून ओठ चावायचा, लोकांना पोट धरून हसवायचं आणि मध्यंतरानंतर कुणाच्या तरी हातून मरायचं. तो मेला की टाळ्या पडत. दिग्दर्शक म्हणे, तसला जिवंत ठेवला तर लोक खुर्च्या तोडतील. आयुष्यभर मी चेहरे रंगवले, त्यातले निम्मे खुन्यांचे होते, पण याच्याइतका मार खाल्लेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मार हिरोचा असे, हात मात्र उजव्याचा. उजवा म्हणजे हिरोचा डुप्लिकेट. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये गालावर बसणारा पंजा त्याचा, म्हणून तो हिरोचा उजवा हात, आणि पुढे नुसताच उजवा. त्याची एक हातोटी होती. तळवा खोलगट करून मारायचा. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस दचकावा, आणि लागायचं मुंगी चावल्याइतकं. त्याला तो पोकळ हात म्हणे.

नाजूक आणि उजवा स्टुडिओमागच्या दोन खोल्यांत चौदा वर्षं एकत्र राहत होते. घरमालकिणीला मावसभाऊ म्हणून सांगितलेलं. मावशी कुठे असते, हे तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही. मी त्यांच्याकडे कधीमधी जेवायला जाई. एकाने पहिला घास घेतला की दुसरा न मागता मीठ पुढे सरकवायचा. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, आमच्याकडे अजून मीठ मागावं लागतं.

त्या दिवशी हिरोचं डोकं फिरलं होतं. कुठल्याशा मासिकाने छापलं होतं की हा कसला मारतो, मारतो याचा डुप्लिकेट. सेटवर आल्या आल्या त्याने उजव्याला बाजूला सारलं. "आज मी स्वतः मारणार. खरंखुरं."

पहिली थोबाडीत बसली तेव्हाच मला कळलं. आवाज बद्द आला, भरल्या हाताचा. नाजूकच्या ओठातून रक्त आलं आणि ते माझ्या बाटलीतलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "झकास. पुन्हा एकदा." दुसऱ्या वेळी दात गेला. हिरोला चेव चढला. संवादात नसलेल्या शिव्या तो घालू लागला आणि दिव्यांवरची मंडळी हसू लागली. तिसऱ्या वेळी त्याने केस धरून नाजूकचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. जिना खोटा होता, कठडा खरा होता. मी काय केलं? मी रंगाचा डबा धरून उभा राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा उजव्याने पुढे होऊन हिरोचं मनगट वरच्या वर धरलं.

"साहेब, तळवा जरा खोलगट करा. आवाज चांगला येतो."

"हात सोड."

"त्याला लागतंय, साहेब."

हिरोने आधी मनगटाकडे पाहिलं, मग उजव्याच्या तोंडाकडे. "तुला रे कशाला एवढा पुळका? हा तुझा कोण लागतो?"

प्रश्न साधा होता. खरं उत्तर दिलं असतं तर दोघांचंही काम गेलं असतं, घर गेलं असतं, आणि स्टुडिओच्या फाटकाबाहेर लोकांनी दोघांची हाडं मोडली असती. उजव्याने तोंड उघडलं. तो सांगणार होता, मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात नाजूक हसला. ते हसू मला पाठ होतं, सत्तावीस चित्रपटांतलं. रक्ताने भरलेल्या तोंडाने खिदळत त्याने मनगट लुळं सोडलं आणि तो कमरेत मुरडला.

"अगं बाई, माझ्यावरून भांडू नका ना. आणि हा मेला मध्येच कशाला कडमडतोय? इतकी वर्षं मारतोय, एकदा मजा आली असेल तर शपथ. साहेबांच्या हाताला काय वजन आहे. मारा ना हो."

सेटवर हशा पिकला. हिरोही हसला. दिग्दर्शक ओरडला की हे वाक्य ठेवा. उजव्याचा हात आपोआप खाली आला. मग चौथी थोबाडीत डाव्या कानावर बसली, सगळ्या वजनानिशी. मग लाथ, मग जिना. शॉट ओके झाला.

नंतर मी खुर्चीत त्याचा चेहरा पुसत होतो. काजळ गेलं, लाली गेली, गालावरचा निळा डाग काही जाईना. मी तेल लावून घासतच राहिलो.

"दादा, तो तुमचा नाही," तो म्हणाला.

मी काहीतरी विचारलं. त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. डाव्या कानाने त्याला त्यानंतर कधीच ऐकू आलं नाही.

उजवा दारात उभा होता. आत चार माणसं होती, म्हणून आत येत नव्हता. "मी बोलणारच होतो," तो म्हणाला.

"म्हणून तर मी बोललो," नाजूक म्हणाला.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही तिघे दुपारच्या खेळाला गेलो. नाजूकला शेवटचं एकदा मरताना बघायचं होतं. त्याने काम सोडलं होतं. ते दोघे माझ्या पुढच्या रांगेत बसले, उजवा त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाकडे.

जिन्याचा प्रसंग आला आणि थिएटर पेटलं. शिट्ट्या सुरू झाल्या. "मार तसल्याला," कुणीतरी ओरडलं. "अजून मार." एक चप्पल माझ्या डोक्यावरून पडद्यावर गेली.

अंधारात उजव्याचा हात वर आला. तळवा नेहमीसारखा खोलगट झाला आणि नाजूकच्या त्या चांगल्या कानावर अलगद बसला. पडद्यावर तसला मार खात होता, थिएटर किंचाळत होतं आणि नाजूक शांतपणे बघत होता. तसला मरून जिन्याखाली निपचित पडेपर्यंत तो हात तिथेच होता.

दिवे लागायच्या आत उजव्याने तो काढून घेतला.