गोठ्यातला कायदा

गोठ्यात विडी ओढायची नाही, हा कायदा दूधवाल्याने स्वतःच केला होता. गाय गाभण होती आणि मागच्या खेपेला ती दिवस भरायच्या आत गाभडली होती. म्हणून यंदा तिची नुसती चैन. तलफ आली की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसे. आत बायको चुलीपुढे. तिला सहावा महिना होता.

नर्सबाई तपासायला आल्या, तेव्हा बायको विहिरीवरून घागर घेऊन येत होती.

"याआधी?" नर्सबाईंनी विचारलं.

"सातव्यातच झालं. दोन दिवस जगलं," बायको म्हणाली.

"नशीब बाई, दुसरं काय!" दूधवाल्याने उसासा टाकला.

"गाय मात्र छान ठेवलीत हो."

तो फुलला. "मागं गाभडली ना. तेव्हा आबाळ झाली तिची. लांब चरायला हाकलायचो, पोटाला धड नव्हतं. आता धूरसुद्धा लागू देत नाही!"

"म्हणजे गाईची आबाळ, आणि हिचं नशीब?"

दूधवाल्याची विडी बोटातच विझली.

"एकदा लवकर झालं की पुन्हा तसं व्हायची भीती असते," नर्सबाई म्हणाल्या. "होईलच असं नाही. पण ओझं, धूर, उपाशीपोटी राबणं, एवढं तरी आपल्या हातात आहे."

बायको हसत म्हणाली, "मला गोठ्यात बांधलं असतंत, तर पहिलंही वाचलं असतं."

तिला हसू आलं, त्याला आलं नाही. गावभर गुरांचा जाणकार म्हणून मिरवणारा हा शहाणा! 'गुरांचं कळतं, कारण अक्कल त्यांच्याएवढीच,' त्याने स्वतःलाच सुनावलं आणि घागर उचलली.

मग रोज तोच पाणी भरू लागला. निम्मं वाटेत सांडायचं. बाया तोंडाला पदर लावून हसत. "हसा, हसा," तो म्हणे, "उशिरा का होईना, वळण लागतंय मला." चूलही धुरासकट अंगणात आली. विडीसाठी तो पार बांधावर जाई. जायचा कंटाळा येई, म्हणून ओढणंही कमी झालं.

गाय आधी व्याली. मग बायको, पुरे दिवस भरून. मुलगी झाली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. दूधवाला भिंतीकडे तोंड करून रडला.

बाळ बघायला शेजारी आला आणि उंबऱ्यात बसून त्याने विडी काढली.

"ए, ऊठ!" दूधवाला गरजला. "ओढायची तर गोठ्यात जा!"

"अहो," आतून बायको म्हणाली, "वासरू आहे तिथं. त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

दूधवाल्याने कपाळावर हात मारला आणि शेजाऱ्याला बांधाची वाट दाखवली.