खिळे ठोकलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. आमच्या बेटावरच्या रोझ हिल गावात, एका गल्लीत अनुसयाबाई लहान मुलं सांभाळत, त्या खोलीची मी खिडकी. शेजारच्या राधाकृष्ण सुताराने मला घडवलं. मुलं माझी चौकट धरून उभं राहायला शिकत आणि स्वेटरच्या कारखान्यात निघालेल्या आयांना हात हलवत.

ऐंशी साली वादळाचा इशारा आला, तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे राधाकृष्णने माझ्यावर फळ्या ठोकल्या. वादळ गेलं, फळ्या राहिल्या.

"उद्या काढतो, मावशी," तो रोज म्हणे.

अनुसयाबाईंनाही घाई नव्हती. बेटावरच्या बोलीतला 'कुरां देर', म्हणजे खिडकीतून येणारा वाऱ्याचा झोत, याची त्यांना भुतापेक्षा जास्त भीती.

त्या वादळात छप्पर गळून खोलीत अंथरलेला गालिचा भिजला होता. साखर कारखान्याच्या साहेबाच्या घरून आलेला म्हणून त्याचा रुबाब मोठा. रंग उडेल म्हणून त्याला ऊन दाखवायचं नाही. बंद खोलीत तो अर्धामुर्धा वाळला. त्याच्या पोटात बुरशी, बिस्किटांचा चुरा, मांजरीचे केस आणि डोळ्यांना न दिसणारे किडे सुखाने नांदू लागले. मुलं त्याच्यावरच झोपत.

तीन वर्षांची चंपा खोकू लागली. छाती शिट्टीसारखी वाजे. मग तिची आई बसंती कामावर न जाता घरी थांबे.

"आणखी एक खाडा झाला तर मला काढून टाकतील, मावशी."

"वारा लागतो गो पोरीला. ह्या खिडकीच्या फटीतून येतो."

मित्रांनो, आरोप माझ्यावर आला आणि माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या गेल्या. वर हवा शुद्ध व्हावी म्हणून रोज धूप. चंपा जास्त खोकली की धूपही जास्त.

एके सकाळी छपरातून निघालेला धूर पाहून राधाकृष्ण पहार आणि बादली घेऊन धावला. त्याने माझ्या फळ्या उपटल्या, त्यांच्याबरोबर बिजागऱ्यांसकट माझ्या झडपाही उपटल्या आणि बादली आत रिकामी केली. धूपदाणी, गालिचा आणि अनुसयाबाई, तिघंही चिंब.

"आयो, मावशी! आग कुठे आहे?"

"तुझ्या डोक्यात. धूप होता तो. आता या झडपा कोण बसवणार?"

"उद्या बसवतो, मावशी."

भिजलेला गालिचा कुंपणावर गेला. वाळल्यावर तो झोडपताना खुद्द अनुसयाबाईंना इतक्या शिंका आल्या, की त्यांनी त्याला परत आत घेतलंच नाही. धूपदाणीही फुटली होती. मुलं धुतलेल्या चटयांवर झोपू लागली. माझ्यातून दिवसभर वारा यायचा आणि राधाकृष्णचा उद्या काही उजाडत नव्हता.

एका संध्याकाळी बसंती दारात थबकली. आतून खोकला ऐकू येईना. घाबरून तिने चंपाच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती. पोर गाढ झोपली होती. बसंती तिथेच चटईवर बसली आणि बराच वेळ तशीच ऐकत राहिली.

अखेर एकदा राधाकृष्ण नव्या बिजागऱ्या घेऊन आला. अनुसयाबाई हात कमरेवर ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी खिडकी अशीच बंद असेल. तिला उघडा, अंथरुणांना ऊन दाखवा. आणि हे काम मात्र राधाकृष्णच्या उद्यावर सोडू नका.