निळ्या ड्रममधलं माहेर

आई गेली तेव्हा गच्चीवरची अंजिरं निष्पर्ण होती. सात कुंड्या आणि त्यांत सात राखाडी काठ्या. आईला त्यातली प्रत्येक ओळखू यायची. आम्हांला कुणालाच येत नव्हती.

जाती वेगवेगळ्या होत्या, पण त्यांची खरी नावं आईला माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. तिनं आपली नावं ठेवली होती. दिसायला राजबिंडा, नखरे फार आणि फळ शून्य, तो जावई. वर्षातून दोनदा येणारे आणि दोन्ही वेळा घर डोक्यावर घेणारे व्याही. जिचा चीक लागला की दोन दिवस हात चुरचुरायचे, ती नणंद. माझी आत्या जेवायला आली की हे नाव बदलून 'मधली' व्हायचं.

सवत बाबांनी आणली होती. ते वजनकाटे दुरुस्त करायला गावोगाव फिरायचे. एका गिऱ्हाइकाच्या परसातून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फांदी आणली आणि तिचं इतकं कौतुक केलं की आई म्हणाली, "सवत आणलीत की काय?"

आणि एक होतं माहेर. आईच्या वडिलांच्या विहिरीजवळच्या झाडाची फांदी. ती विहीर बुजली, झाड तोडलं, घर विकलं. उरलं ते निळ्या ड्रममध्ये.

लहानपणी आई मला डोळे मिटायला लावून हातावर पान ठेवायची. "सांग, कोण आलंय?" माहेरचं पान मी लगेच ओळखायची. रुंद, जाड, तीनच बोटं आणि तीही आखूड, लोकरी हातमोजा घातल्यासारखी. सवतीचं पान पाच बोटांचं, खोल कातरलेलं, मधलं बोट चमच्यासारखं टोकाशी फुगलेलं. फळं दोघींची जांभळीच, वरून फरक कळायचा नाही. आई फळाच्या बुडाशी बघायची. माहेरच्या फळाचं तोंड मिटलेलं असायचं, त्यावर मधाचा एक थेंब. सवतीचं उघडं, लाल.

आता बाबा माझ्याकडे राहायला येणार होते. घर विकलं गेलं होतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला ताबा द्यायचा होता. माझ्या बाल्कनीत एक मोठी कुंडी मावते. दुसरी ठेवली तर दार उघडत नाही. मला माहेर न्यायचं होतं. दवाखान्यात मी आईला तसं म्हटलंही होतं. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पानं येऊ देत. मग ठरव." मला वाटलं, थकली आहे.

मी दर शनिवारी जात राहिले. भांडी, कपडे, औषधं यांची विल्हेवाट लावत होते. शेजारच्या काकू चहा घेऊन यायच्या आणि गच्चीकडे बघायच्या.

"मला ती नणंद दे हो. माझी खरी नणंद काही माझ्याकडे राहायची नाही, निदान ही तरी राहील."

"चीक लागतो, काकू."

"नणंदेला लागायचाच."

बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मग लगेच खाली बघून चहा ढवळायला लागले. त्यात साखर नव्हती.

"बाबा, माहेर म्हणजे निळा ड्रमच ना?"

"हो, निळाच."

"नक्की?"

"अगं, निळाच म्हटलं ना. किती वेळा विचारशील?"

पुढच्या एका शनिवारी गच्चीवर गेले तर पालवी फुटलेली. निळ्या ड्रममध्ये चार पानं पुरी उघडली होती. पाच बोटं, खोल खाचा, मधलं बोट चमच्यासारखं.

बाबांची गफलत झाली असणार असं धरून मी बाकीच्या कुंड्या पाहिल्या. एकेक पान हातावर घेतलं, डोळे मिटून चाचपलं. जावई सापडला. व्याही सापडले. नणंद हाताला चिकटली. लाल कुंडीत सवत होती, तिच्या जागेवर. हातमोजा कुठंच नव्हता.

निळ्या ड्रममधलं एक पान आणि लाल कुंडीतलं एक अशी दोन्ही घेऊन मी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी ती एकमेकांवर ठेवून उजेडात धरली.

"पानावरून जात सांगणं कठीण असतं. एकाच झाडावर तीन तऱ्हेची पानं निघतात." मग पुन्हा पाहिलं. "पण ही दोन मला तरी एकच वाटतात. तुम्ही एकाच झाडाची आणलीत का?"

परत आले तेव्हा बाबा जिन्यात उभे होते. माझ्या हातातली पानं त्यांनी पाहिली.

"चल वर," म्हणाले.

गच्चीच्या कठड्याला टेकून ते ड्रमकडे न बघता बोलत होते. माझ्या बाळंतपणाला आई माझ्याकडे येऊन राहिली होती, तेव्हाची गोष्ट. जाताना तिनं बजावलं होतं, झाडांना विसरू नका. म्हणून त्यांनी ऐन थंडीत रोज दोन-दोन बादल्या घातल्या. माहेरला जास्तच, कारण ते तिचं लाडकं.

"झाड झोपलेलं असतं म्हणे थंडीत. पाणी लागतच नाही. मला काय माहीत? मुळं कुजली. हलवून पाहिलं तर अख्खं हातात आलं."

"मग?"

"मग काय. सवतीची फांदी कापली न् लावली. दोन्हींचं फळ जांभळं, मी म्हटलं, अंजीर ते अंजीर. तुझी आई आल्यावर सांगितलं, थंडीनं वरचं जळलं, बुडाशी छाटलंय, खालून फुटेल. फुटलंही."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं केलंत." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "दर वर्षी ड्रममधलं पहिलं फळ चिरायची. अर्धं मला. म्हणायची, घ्या, तुमच्या सासुरवाडीचं. माझ्या घशाखाली उतरायचं नाही गं. पण खायचो. बोट चाटून दाखवायचो."

माहेरची फांदी मी आईकडे किती वर्षं मागत होते. दर वेळी काहीतरी निघायचं. यंदा जोर नाही, पुढच्या वर्षी बघू, मुलीला माहेरचं झाड देत नसतात. असं काही नसतं हे आम्हां दोघींना ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या फांद्या तिनं न मागता गावभर वाटल्या होत्या. मी मनातल्या मनात रुसायची. तेव्हा मी दूरच्या गावी राहायची आणि जायची ती नेहमी थंडीच्या सुट्टीत, झाडावर एकही पान नसताना.

"तिला कळलं असेल का?" बाबांनी विचारलं.

डोळे मिटून पान ओळखणारी बाई. मला खोटं बोलता आलं असतं.

"पहिल्याच पानाला कळलं असणार, बाबा."

मी त्यांना फांदीचं सांगितलं. दवाखान्यातलंही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे ते सासुरवाडीचं... ती मुद्दाम म्हणायची!"

"असेल."

"दर वर्षी! आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची, मी गिळेपर्यंत!" ते हसायला लागले. कठड्याला धरून खांदे हलेपर्यंत हसले आणि तसेच हलत राहिले, हसू संपल्यावरही. मी शेजारी उभी राहिले. खाली काकूंनी रेडिओ बंद केला.

"रागावली असेल," ते शेवटी म्हणाले.

"माहीत नाही."

"एकदा तरी भांडायचं." त्यांनी नाक पुसलं. "हे झाड नको नेऊया. दुसरं कुठलंही ने. रोज डोळ्यांसमोर नको."

विहिरीजवळचं झाड आता कुठंच नव्हतं. त्याचं पान कसं लागतं हे माझ्या हाताला आठवत होतं आणि तो हातही पन्नाशीला आलेला. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. ड्रममधली माती भुसभुशीत होती. बुंध्याजवळ अंड्याची टरफलं चुरून टाकलेली होती, दवाखान्यात जाण्याआधीची. ते झाड कुणाचं हे ठाऊक असूनही आईनं त्याला वाढवलं होतं.

"हेच न्यायचं," मी म्हटलं.

बाबांनी वाद घातला नाही. टेम्पोत मावायला झाड छाटावं लागणार होतं. मी कात्री आणली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि फांदीला लावून थांबले.

"कुठं कापायचं?"

"डोळ्याच्या थोडं वर."

त्यांनी फांदी वरपासून खालपर्यंत पाहिली. चष्मा सरळ करून पुन्हा पाहिली.

"डोळा म्हणजे कुठला?"

मी त्यांचा अंगठा धरला आणि पानाच्या देठापाशी सालीवर जो बारीक, टोकदार उंचवटा असतो, त्यावर टेकवला.